खिशात मावेल एवढा उजेड

दुकानात शिरल्या शिरल्या भिंगरीला दिसले ते फक्त दोन पाय. काउंटरखालच्या कपाटातून बाहेर आलेले, करड्या पँटमधले, चांगले लांबलचक पाय. बाकीचा माणूस कपाटाच्या आत होता, आणि कपाटाच्या फटीतून उजेड बाहेर सांडत होता. कधी पांढराफेक, कधी पिवळट, कधी नुसता काजव्याएवढा.

"मावशी, हे काय चाललंय?" तिनं विचारलं.

दुकान चालवणाऱ्या मावशी स्टुलावर बसून स्वेटर विणत होत्या. खिळे, कुलपं, बल्ब, दोऱ्या, सगळं त्यांच्या हाताच्या अंतरावर होतं. सुया न थांबवता त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक आहे. बॅटरी निवडतंय. केव्हाचं निवडतंय! लोक बायकोसुद्धा याच्याहून लवकर पसंत करतात."

कपाटात धाडकन काहीतरी आपटलं. बहुधा टाळकं. मग पाय मागे सरकले आणि एक माणूस डोकं चोळत उभा राहिला. केसांत जळमट, डोळ्यांत ओशाळं हसू… आणि दातांत एक छोटा टॉर्च, सिगारेटसारखा आडवा धरलेला.

"दात लावलेला माल मी परत घेत नाही हं," मावशी म्हणाल्या.

त्यानं घाईघाईनं टॉर्च तोंडातून काढून रुमालानं पुसला. "तेच तर बघत होतो, मावशी. माझे दोन्ही हात कामात असतात. दातांत धरता आला पाहिजे. हा जड आहे, जबडा दुखतो."

भिंगरीला हसू आलं. ते तिनं खोकल्यात लपवलं, पण नीट लपलं नाही.

तिलाही टॉर्चच हवा होता. जुन्या इमारती धडधाकट आहेत की नाहीत हे तपासणाऱ्या कचेरीत ती इंजिनिअर होती. पोटमाळे, तळघरं, बंद पडलेल्या लिफ्टचे खड्डे, जिथे कुणी डोकावत नाही तिथे डोकं घालायचं, हेच तिचं काम. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून वडिलांनी भिंगरी नाव ठेवलं होतं आणि आता तर नोकरीच फिरतीची. आज सकाळी एका इमारतीच्या गच्चीवर तिचा जुना, दांडुक्यासारखा टॉर्च हातातून सटकला आणि थेट पाण्याच्या टाकीत गेला. तळाशी जाऊनही बिचारा बराच वेळ जळत होता. तिला अगदी भडभडून आलं होतं.

"मला लहान हवाय," ती मावशींना म्हणाली. "खिशात बसेल, वाकलं तर पडणार नाही. आणि उजेड दणदणीत."

मावशींनी ट्रे पुढे सरकवला. त्यात बोटाएवढे, अंगठ्याएवढे, लिपस्टिकएवढे टॉर्च झोपलेले. भिंगरीनं त्यातला एक उचलून दाबला. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला जणू सूर्यानं गाठलं.

"बापरे!" तो माणूस डोळ्यांवर हात घेत म्हणाला. "एवढा उजेड कुणाला घाबरवायला?"

"इमारतींना," ती म्हणाली. "त्या फार खोटं बोलतात. वरून रंग, आतून तडा."

"अस्सं… मग पियानो बरे. ते खोटं बोलले तर लगेच ऐकू येतं."

तो पियानो जुळवायचा. घरोघरी, शाळांत, सभागृहांत. सगळे त्याला 'सूरवाला' म्हणत, आणि त्यालाही ते आवडत असावं, कारण स्वतःची ओळख करून देताना त्यानंही तेच सांगितलं.

"कपाटात काय निवडता?" मावशी वैतागल्या. "मागं कोठीघर आहे, तिथे मिट्ट काळोख आहे. दोघंही जा आणि काय ते ठरवा. दार उघडं ठेवा. मला दुकानही दिसलं पाहिजे आणि तुम्हीही."

कोठीघरात रंगाच्या डब्यांचा वास होता. भिंगरीनं आपला टॉर्च लावला. उजेडाची सरळ सळई समोरच्या भिंतीला जाऊन भिडली आणि तिथली बारीकशी भेग लख्ख दिसली. मग त्यानं आपला लावला. मऊ, पसरट, लोणकढ्या तुपासारखा उजेड होता तो. डबे, शिडी, छत, सगळं एकदम जागं झालं.

"मला भेग दिसली," ती अभिमानानं म्हणाली. "तुम्हाला काय दिसलं?"

"मला अख्खी खोली दिसली," तो म्हणाला. मग जरा थांबून… "तुमच्यासकट."

बाहेर मावशींच्या सुया क्षणभर थांबल्या, आणि परत सुरू झाल्या.

त्या दिवशी तिनं तो सूर्यासारखा टॉर्च घेतला, त्यानं दात लावलेला. दुसरा इलाजच नव्हता त्याला.

*

आठवडाही झाला नसेल, भिंगरी परत दुकानात.

"हा नको," ती म्हणाली. "लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही. पांढऱ्या भिंतीजवळ नेला की उजेड उलटून माझ्याच डोळ्यांत. आणि मावशी, थोड्या वेळात असा तापतो की हातात चहाचा कप धरल्यासारखं वाटतं. शिवाय खिशात आपोआप लागला. माझा खिसा पेटलाय असं समजून एका आजोबांनी माझ्यावर तांब्याभर पाणी ओतलं!"

मागून कुणीतरी खो खो हसलं. सूरवाला. दोरीचं बंडल हातात घेऊन उभा होता. पियानोला दोरी कशाला लागते, हे तिनं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

"तुमच्या जबड्याचं कसं आहे?" तिनं विचारलं.

"दुखतोय. पण तक्रार कुणाकडे करणार? मावशी ऐकत नाहीत."

"ऐकते की," मावशी म्हणाल्या. "परत घेत नाही, एवढंच."

या खेपेला निवड रीतसर झाली. तिनं एकेक टॉर्च ओढणीच्या काठाला अडकवून वाकून पाहिलं. ज्याची क्लिप सैल, तो बाद. त्यानं एकेक तळहातावर तोलला. जो जड, तो बाद. काही टॉर्च टेबलावर ठेवले की घरंगळत थेट काठापर्यंत जात. "हा माझ्या पियानोच्या पोटात पडला तर काढता काढता संध्याकाळ व्हायची," तो म्हणाला. बाद. काहींची कळ शेपटीशी होती. ती दाबायला मूठ बदलावी लागे. बाद. काहींत मंद उजेड आणायचा तर आधी लखलखाट सोसावा लागे. दोघांनी एकदमच मान हलवली.

शेवटी ट्रेमध्ये एकच उरला. करंगळीएवढा, अंगावर बारीक खाचा, एक बाजू चपटी. कळ अंगठ्याखाली येणारी. एकदा दाबला की मंद, दाबून धरला की वाढत जाणारा, आणि खिशात लागू नये म्हणून कुलूप. उजेड पिवळसर.

"पिवळा उजेड मला दुबळा वाटायचा," भिंगरी म्हणाली. तिनं तो मावशींच्या भिंतीवरच्या ओलीच्या डागावर धरला, मग शेजारी जुना पांढरा धरला. पांढऱ्यात डाग नुसता राखाडी दिसत होता. पिवळ्यात त्याची कड तांबूस झाली. "हे बघा! हा ओलीचा डाग नाही, आत लोखंड गंजतंय. खरा रंग दिसतोय!"

तो डागाकडे बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता. एवढ्याशा गंजावर एवढी खूश होणारी मुलगी त्यानं पाहिली नसावी.

"मलाही गंजच बघायचा असतो," तो हळूच म्हणाला. "तारांवरचा. बाकीच्या टॉर्चमध्ये सावली कुठली न् गंज कुठला, कळतच नाही."

"मग दोघांना हाच द्यायचा?" मावशींनी विचारलं. "एकच काम करणारी माणसं तुम्ही, उगाच वेगवेगळी फिरताय."

*

"खरी परीक्षा काळोखात," असं म्हणून त्यानं तिला आपल्या आत्याच्या संगीतशाळेत बोलावलं. शाळा म्हणजे दुमजली जुनी वास्तू. खाली वर्ग आणि वर मोठं दालन, त्यात तीन पियानो. आत्यानं लग्न केलं नव्हतं. केस काळे होते तेव्हापासून ती त्या दालनात मुलांना शिकवत होती. येत्या रविवारी मुलांचा वार्षिक कार्यक्रम होता आणि आत्या त्याच धांदलीत होती. "बसा गं तुम्ही, मी आलेच," म्हणून ती खाली गेली.

सूरवाल्यानं उभ्या पियानोची पुढची फळी अलगद काढली. आत तारांचं रान होतं. त्यानं टॉर्च तारांवर समोरून न धरता बाजूनं, अगदी तिरपा धरला.

"अरे!" भिंगरी म्हणाली. "मीसुद्धा असाच धरते! समोरून धरला की भिंत गुळगुळीत दिसते. तिरपा धरला की खाचखळगे सावल्या टाकतात."

"म्हणजे… खरं बघायचं तर जरा बाजूला उभं राहावं लागतं."

"हो. आणि वाकावं लागतं."

दोघंही वाकलेलेच होते. फार जवळ. तिच्या लक्षात आलं आणि तिनं उगाचच एका तारेकडे टक लावली.

मग त्यानं काम सुरू केलं. तार पिळायची किल्ली खुंटीवर बसवली, एक पट्टी वाजवली आणि तो ऐकू लागला. असं ऐकताना तिनं कुणालाच पाहिलं नव्हतं. डोळे उघडे, पण कुठेच लागलेले नाहीत. श्वास थांबलेला. मनगट केसभर हललं, आणि दोन तारांची चाललेली कुरबुर एकाएकी मिटली, एकच सूर उरला. भिंगरीच्या अंगावर शहारा आला. हा माणूस बोलताना अडखळतो, टाळकं आपटतो, नको असलेली दोरी विकत घेतो… आणि इथे त्याचा हात एकदाही चुकत नाही. आपण याच्याकडे असं बघत किती वेळ उभ्या आहोत, याचं तिला भानच राहिलं नाही.

तेवढ्यात टप्प असा आवाज झाला. बाहेर भुरभुर पाऊस होता, आणि पियानोच्या झाकणावर एक थेंब.

तिनं वर पाहिलं. पाहायला नको होतं, असं पुढे कितीदा तरी तिच्या मनात आलं. छताच्या मुख्य लाकडी तुळईच्या टोकाशी, जिथे ती भिंतीत शिरत होती, काळपट कडेचा डाग होता. तिनं टॉर्च वाढवला, तिरपा धरला. डागातून निघालेली भेग तुळईच्या अंगावर लांबवर गेली होती. आणि तुळई मध्यावर वाकली होती. थोडीच, पण वाकली होती.

रविवारपर्यंत काही व्हायचं नाही, मन म्हणालं. सोमवारी सांग. कार्यक्रम होऊ दे. तू इथे पाहुणी आहेस. पण रविवारी या तुळईखाली मुलं असतील, त्यांचे आईबाप असतील… आणि हाही असेल.

आत्या वर आली तेव्हा भिंगरीनं सांगून टाकलं. "आत्या, हे दालन वापरू नका. आजपासूनच. तुळई गेलीय."

आत्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "तू पाहुणी म्हणून आलीस की तपासायला?"

"पाहुणी म्हणूनच आले होते. पण दिसलं, ते न दिसल्यासारखं कसं करू?"

"ही तुळई माझ्या आधीपासून इथे आहे. आणि आज एवढीशी बॅटरी घेऊन तू मला सांगतेस गेली म्हणून? मुलं वर्षभर घासतायत. त्यांना काय सांगू? माझ्या भाच्याच्या मैत्रिणीला डाग दिसला?"

भिंगरीनं सूरवाल्याकडे पाहिलं. एक शब्द… एकच बोलला असता. पण तो खाली मान घालून किल्लीशी चाळा करत उभा होता. ती एकटीच जिना उतरली. दारापर्यंतही तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं कचेरीत साहेबांना सांगितलं. साहेब स्वतः जाऊन पाहून आले आणि दालनाला कुलूप लागलं. घरी तिनं वडिलांना सगळं सांगितलं, त्याच्याबद्दलचं जरा गाळून. पण वडील गाळलेलंच आधी ऐकत.

"तू बरोबर केलंस ना?"

"हो."

"मग रडतेस ती तुळईसाठी नव्हे," ते म्हणाले, आणि तिच्यासमोर चहा ठेवून आत निघून गेले.

*

शुक्रवारी दुपारी ती एका जुन्या छापखान्याच्या तळघरातून बाहेर आली, तर पायरीवर सूरवाला बसलेला. कपडे धुळीनं माखलेले.

"तुम्ही?" तिनं शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"मी वर पाहिलं," तो म्हणाला. "पोटमाळ्यात."

"चढलात? त्या तुळईवर?"

"नाही, नाही… बाहेरून, शिडीवरून. डोकं आणि एक हात, तेवढंच आत घातलं. बाजूनं उजेड धरला, आपण तारांवर धरला तसा. वाळवीनं सगळी पोखरलीय. बोट लावलं तर बोट आत गेलं."

"अहो, मूर्ख आहात का तुम्ही? कुलूप लावलंय ते काय शोभेला?"

"आहे मूर्ख," त्यानं कबूल केलं. "म्हणूनच आलोय. त्या दिवशी मी गप्प बसलो. आत्यानंच मला वाढवलंय. तिच्यापुढे तोंड उघडत नाही माझं… पण ते कारण झालं, उत्तर नाही. तुम्हाला माहीत होतं की सांगितलं तर आत्या संबंध तोडेल, मी कदाचित परत भेटणार नाही. तरी सांगितलंत. मी दिवसभर खोटे सूर पकडतो हो, पण तोंडावर खरं बोलायची हिंमत तुमच्याकडून शिकावी. मी आत्याला सांगितलंय, सगळं. बोटाला लागलेला भुगा दाखवला."

भिंगरीचा राग अर्धा उतरला. उरलेला तिनं जपून ठेवायचं ठरवलं, पण तो राहीना.

"मग… कार्यक्रम?"

"आत्या खोलीत बसून आहे. जेवली नाही. दोन दिवसांत कुठलं सभागृह मिळणार? सगळी भरलेली आहेत."

एकदम त्याच्या बाहीला धरून तिनं त्याला उठवलं. "चला!"

शहरातल्या पडणाऱ्या इमारती तिला ठाऊक होत्या, तशाच न पडणाऱ्याही. नदीकाठची लोकरीची जुनी वखार तिनंच मागच्या महिन्यात तपासली होती. हातभर जाडीच्या भिंती, दगडी खांब, एक भेग नाही. केवळ कुणाला नको म्हणून ती रिकामी होती. रखवालदारानं दार उघडलं. आत काळोख, थंडावा आणि लोकरीचा जुना वास. दोघांनी आपापले टॉर्च लावले. ती नेहमीसारखी खांबांच्या पायथ्याशी वाकली. तो मधोमध जाऊन उभा राहिला, आणि त्यानं एकच टाळी वाजवली.

टाळी छतापर्यंत गेली, तिथे जराशी रेंगाळली आणि हळुवारपणे खाली उतरली.

"ऐकलंत?" तो कुजबुजला.

"ऐकलं," ती म्हणाली. तिला खरं म्हणजे टाळी ऐकू आली होती. पण त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की ऐकण्यासारखं आणखी बरंच काही होतं.

मालकानं एका बोलण्यात होकार दिला. शनिवारी साहेबांनी कुलूप उघडून तुळईला टेकू लावून दिले, ओळखीच्या हमालांनी पियानो वखारीत आणले, पालक आले, आणि सगळ्यात शेवटी आत्या आली. तिनं खांबांवरून हात फिरवला. भिंगरीकडे न बघता विचारलं, "हे नक्की पडणार नाही ना?"

"तुमच्या पणतवंडांनी इथे गायलं तरी नाही, आत्या."

"मला कुठली पणतवंडं," आत्या म्हणाली. मग भाच्याकडे, मग भिंगरीकडे एक तिरपा कटाक्ष टाकून पुटपुटली, "बघू या म्हणा."

*

पियानो हलवला की बिघडतो. रविवारी सकाळपासून सूरवाला जुळवत बसला. वखारीतले दिवे उंच टांगलेले होते, पियानोच्या पोटात उजेड पोचेना. त्यानं सवयीनं टॉर्च दातांत धरायला घेतला तेवढ्यात भिंगरीनं तो काढून घेतला.

"मी धरते. कुठे हवा ते सांगा."

सुरुवातीला तो सांगत होता, "डावीकडे… जरा खाली… हां." मग नुसतं बोट दाखवू लागला. मग तेही बंद झालं. त्याचा हात हलायच्या आधी उजेड तिथे पोचलेला असे. कसं, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्याचा खांदा कुठे वळतो, तो श्वास कधी रोखतो, हे तिच्या अंगवळणी पडत गेलं. मंद हवा की मोठा, तेही तिचा अंगठा आपणहून ठरवू लागला. बाहेर मुलं खुर्च्या ओढत होती, आत्या ओरडत होती. इथे मात्र एवढासा पिवळा उजेड होता, त्यात एक हात, आणि शेजारी तिचा.

"एक विचारू?" तो तारांकडे बघतच म्हणाला.

"विचारा."

"हे असं… म्हणजे रोज… मी काम करतोय आणि तुम्ही जवळ आहात. किंवा तुम्ही कुठल्या तळघरात आहात आणि मी पायरीवर. उजेड धरायचं राहू द्या, नुसतंच… जवळ." त्यानं पुढच्या खुंटीवर किल्ली बसवली. "माझ्याशी लग्न कराल?"

भिंगरीचा हात हलला नाही. तिनं हलू दिला नाही. तिनं तोंड उघडलं—

"श्श!" तो एकदम ताठ झाला. "थांबा, बोलू नका! हा सूर लागतोय… आत्ता लागतोय…"

तिनं तोंड मिटलं. सूर लागला. मग शेजारचा रुसला. मग त्याच्या पुढचा. तो पार बुडून गेला. सप्तकामागून सप्तक सरत गेलं, आणि उत्तर तिच्या जिभेवर लिमलेटच्या गोळीसारखं घोळत राहिलं. असला कसला माणूस! तिला हसूही येत होतं, चीडही येत होती, आणि डोळे का भरून येतायत ते कळत नव्हतं. शेवटची तार जुळली आणि मुलांचा लोंढा आत घुसला. "दादा, झालं का? दादा, माझा नंबर पहिला!" आत्यानं भिंगरीच्या हाताला धरून पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. आपल्या शेजारी.

कार्यक्रम झाला. एका छोटीनं मध्येच वाजवायचं विसरून प्रेक्षकांतल्या आईला हात केला. एका मुलानं इतकं सुंदर वाजवलं की नदीवरून आलेले लोकही दारात थबकले. शेवटच्या सुरानंतर आत्यानं भिंगरीचा हात दाबला, आणि बराच वेळ सोडला नाही.

लोक पांगले तेव्हा संध्याकाळ उतरत होती. बाहेर झिमझिम सुरू झाली होती. सूरवाला हत्यारांची पेटी घेऊन पायऱ्यांवर उभा होता. चेहरा उतरलेला.

"तुम्ही… काही बोलला नाहीत," तो म्हणाला. "म्हणजे मला समजलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी उगाच घाई केली. आपण मित्र म्हणून—"

"अहो!" भिंगरी कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभी राहिली. "बोलू नका म्हणून कुणी सांगितलं? मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं होतं! दोन सप्तकं तोंडात 'हो' धरून उभी होते मी. मग चार रांगा मुलांची गाणी, मग आत्यांचं कौतुक, मग पालकांचे आभार… माणसानं किती वेळ धरायचं?"

तो बघतच राहिला. "हो?"

"हो."

"खरंच हो?"

"तुम्हाला ना खोटा सूर लगेच कळतो? मग ऐका की." आणि तिनं परत सांगितलं, हळू, अगदी त्याच्याजवळ जाऊन. "हो."

त्यानं ऐकलं. पियानो ऐकायचा तसं, श्वास रोखून, शेवटपर्यंत. मग त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहून भिंगरीला वाटलं, एवढंसं बोलायला आपण आणखी दहा सप्तकंही थांबलो असतो.

"बाबांना आजच भेटायचं," ती म्हणाली. "ते गेले चार दिवस चहा करून माझं तोंड बघतायत. आणि घाबरू नका, ते चावत नाहीत."

"आज? असाच? धुळीनं भरलेला?"

"असेच."

आतून आत्याची हाक आली की पियानोंवर पांघरुणं घालून मगच जा. तो "घातली!" म्हणून ओरडला. आत्यापुढे इतक्या मोठ्यानं तो पहिल्यांदाच बोलला असावा. मग त्यानं पेटी एका हातात घेतली, अंगातला कोट काढला, आणि भिंगरीच्या डोक्यावर धरला.

"ये ना अशी आत," तो म्हणाला. "तू भिजशील."

तू. बोलून गेल्यावर तोच दचकला. भिंगरी कोटाखाली सरकली, त्याच्या खांद्याला खांदा लावून, आणि दोघं घराच्या वाटेला लागली.